नांदूरमधमेश्वरचा दुर्मीळ पाहुणा: खर्च किती, भुर्दंड कुठे

नाशिकहून नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य साधारण 40 किलोमीटर, निफाड तालुक्यात. जाऊन-येऊन आणि तिथली फिरफिर धरून 90 किलोमीटर होतात. गाडी लिटरला 15 देत असेल तर 6 लिटर पेट्रोल. 105चा भाव धरला तर 630 रुपये. निफाडपर्यंत एसटीने किंवा रेल्वेने जाणार असाल तर पुढची रिक्षा परतीसह ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोलून घ्या. नाहीतर दुपारी रिक्षावाला सांगेल तो आकडा.

अभयारण्यात प्रवेश, वाहन, कॅमेरा आणि गाइड यांचे पैसे वेगवेगळे लागू शकतात. फलकावरचाच दर धरा, प्रत्येकाची पावती घ्या. मोठ्या लेन्सचं वेगळं शुल्क आहे का, हे बॅग उघडण्याआधी विचारा. सुटे पैसे आणि ओळखपत्र जवळ ठेवा. रेंजच्या भरवशावर यूपीआय नको.

‘दुर्मीळ पक्षी हमखास’ अशी जाहिरात करणाऱ्या सहलीचे पैसे मात्र वाचवा. पक्ष्याची हमी कोण देणार? दुर्मीळ पक्षी आल्याची बातमी तर फुकट मिळते: ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातं काढा, जिल्ह्याचा दुर्मीळ पक्ष्यांचा अलर्ट लावा, नोंद झाली की ईमेल येतो. ओळख पटवायला मर्लिन अॅप, तेही मोफत. वाचलेले पैसे स्थानिक गाइडला द्या. काल पक्षी कुठे बसला होता, हे गावातल्या पोराइतकं कुणाला ठाऊक नसतं. ठरवताना दोन प्रश्न विचारा: स्पॉटिंग स्कोप आहे का, आणि त्याचं भाडं वेगळं का? तिसरा प्रश्न पाण्याचा. वरच्या धरणांतून आवर्तन सुटलं की पातळी चढते, चिखलाच्या कडा बुडतात आणि चिखलात चरणारे पाणपक्षी दुसरीकडे सरकतात. तेव्हा आधी गाइडला फोन, मग गाडी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उजाडताना पोहोचा, दाट धुकं असेल तर तासभर उशिरा निघालात तरी चालतं. शनिवार-रविवार टाळा. तीन-चार तास पुरतात. दुर्मीळ पाहुणा नाहीच दिसला तरी थापट्या, तलवार बदक, गढवाल, चक्रवाक बहुधा भेटतात.

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका, एखादी सहल उसनवारीवर काढा. घ्यायचीच तर 8 गुणिले 42ची. ड्रोन घरीच ठेवा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणारा गाइड भेटला तर स्पष्ट नको म्हणा, आणि त्याला आगाऊ पैसे तर देऊच नका.