लाटेची वीज

नागोठण्याच्या अंगाने अंबा नदी वाहते. पूर्वी मुंबईकडची गलबते भरतीच्या पाण्यावर इथवर येत आणि ओहोटीबरोबर परत जात. म्हणजे समुद्राकडून काम करून घेणे आपल्याकडे जुनेच आहे.

भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. लाट वाऱ्याने उठते. या लाटेपासून वीज करता येईल का? येते. ती कशी, ते आपण पाहू.

केरळात विळिंजम नावाचे मच्छीमारांचे बंदर आहे. तेथे मद्रासच्या आय. आय. टी. या संस्थेतील लोकांनी १९९१ साली लाटेवर चालणारे वीजघर सुरू केले. समुद्रात काँक्रीटची एक मोठी पोकळ पेटी उभी केली. तिचे तोंड पाण्याखाली. लाट आली की पेटीतले पाणी चढते. वरची हवा कोंडते आणि माथ्यावरच्या भोकातून जोराने बाहेर पडते. लाट ओसरली की हवा आत ओढली जाते. लोहाराचा भाताच म्हणा ना! भोकात पंखा असतो. तो फिरला की वीज तयार होते.

पण अडचण आली. हवा एकदा बाहेर जाते, एकदा आत येते. साधा पंखा कधी सुलटा, कधी उलटा फिरेल. मग वीज कशी टिकणार? अ‍ॅलन वेल्स या इंजिनिअरने दोन्ही अंगांनी सारखी पाती घडवली. हवा कुठूनही येवो, हा पंखा एकाच दिशेने फिरतो. विळिंजमला तोच बसवला.

दुसरी गोष्ट मापाची. झोपाळ्याला वेळेवर धक्का दिला तर तो उंच जातो. अवेळी दिला तर अडतो. तसेच पेटीचे माप लाटेच्या तालाशी जुळावे लागते.

तिसरी गोष्ट यंत्राच्या आकाराची. पहिले यंत्र १५० किलोवॅटचे होते. पावसाळ्यात लाटा मोठ्या, हिवाळ्यात लहान. लहान लाटेला मोठे यंत्र जड जाते. म्हणून १९९६ साली तेथे लहान चाकांचे यंत्र बसवले. पुढे त्या विजेवर खारे पाणी गोडे करूनही पाहिले. २०११ साली हे वीजघर बंद झाले. लाटेची वीज स्वस्त पडावी, यासाठी जगभर अजून खटपट चालू आहे.

यातून आपण काय शिकलो? बैल तगडा असला, तरी जू मानेवर नीट बसले नाही तर नांगर ओढला जात नाही. नुसते बळ असून भागत नाही. अवजाराची घडण बळाला साजेशी हवी.

सांगा पाहू:
१. भरती कशाने येते? लाट कशाने उठते?
२. वेल्सच्या पंख्याचा विशेष कोणता?
३. तुमच्या घरचे कोणते अवजार घडण बदलल्याने हलके चालू लागले?