नाशिक रोडहून दहा हजार पाठवायला किती लागतात?

गावी दहा हजार रुपये पाठवायचे आहेत. मोबाइलवर यूपीआय असेल तर खर्च शून्य. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी करायलाही जानेवारी 2020 पासून शुल्क नाही. शाखेत जाऊन फॉर्म भरलात, तर या रकमेला फार तर अडीच रुपये आणि वर जीएसटी. सगळ्यात महाग मनीऑर्डर. वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे दहा हजारांना पाचशे. त्यात एका मनीऑर्डरला पाच हजारांची मर्यादा, म्हणून फॉर्मही दोन.

पण हातात रोकड आहे आणि इथे खाते नाही, त्याने काय करायचे? सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला जाणारे अनेक जण यातलेच. बिटको चौकापासून सिन्नर फाट्यापर्यंत दिसणाऱ्या 'मनी ट्रान्सफर'च्या पाट्या त्यांच्यासाठीच आहेत. इथला दर साधारण शेकडा एक रुपया. एका वेळी पाच हजारच जातात, म्हणून व्यवहार दोन, पावत्या दोन, खर्च शंभर रुपये.

त्यावर एक पैसाही नको. हा दुकानदार बँकेचा प्रतिनिधी असतो. त्याचे कमिशन बँक देते. ग्राहकाकडून स्वतःसाठी वेगळे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. 'सर्व्हर चार्ज', 'अर्जंट' अशा नावाने वीस-तीस रुपये मागितले, तर पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही.

1 नोव्हेंबर 2024 पासून पाठवणाऱ्याचे ओळखपत्र आणि प्रत्येक व्यवहाराला पडताळणी, म्हणजे बहुधा ओटीपी, सक्तीची आहे. अनेकांना ही कटकट वाटते. मला ती शंभर रुपयांतली सगळ्यात कामाची गोष्ट वाटते. 'माझ्याच नंबरवरून टाकतो' म्हणणाऱ्या दुकानदाराकडून पैसे पाठवलेत, तर कागदोपत्री पाठवणारे तुम्ही नसताच. मग तक्रार कोण करणार?

नियम मोडणारे मोठे असले तरी सुटतातच असे नाही. परदेशातून पैसे आणून देणाऱ्या मनी ट्रान्सफर कंपन्यांमार्फत एका व्यक्तीला वर्षात तीसच वेळा पैसे येऊ शकतात; ही मर्यादा ओलांडली म्हणून ऑक्टोबर 2021 मध्ये वेस्टर्न युनियनला सुमारे 27.78 लाखांचा दंड झाला. पेटीएम पेमेंट्स बँकेला तर 15 मार्च 2024 नंतर नव्या ठेवी घेणेच बंद करावे लागले. शिल्लक काढायची मुभा ग्राहकांना राहिली, पण तोवर धावपळ व्हायची ती झालीच.

पैसे अडकले तर? यूपीआय किंवा आयएमपीएसने खात्यातून रक्कम गेली आणि समोर जमा झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवी. पुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने शंभर रुपये भरपाई द्यायची असते. दुकानातून पाठवलेले पैसे परत आले की परताव्याचा ओटीपी येतो. रोकड हातात पडेपर्यंत तो सांगू नका.

तक्रार पावतीवर नाव असलेल्या बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. चौकशीसाठी क्रमांक 14448.