कोरड्या ऋतूत वाहणारा नाला : आदिलाबाद, पावसाचे पाणी आणि कायदा

१९७४ च्या जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियमात ‘प्रवाह’ या शब्दाची जी व्याख्या आहे, ती आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाचनात आली असेल. नदी, तलाव व भूगर्भातील पाणी यांचा समावेश तीत आहेच. शिवाय जो जलमार्ग तूर्त कोरडा पडला आहे, तोही तीत येतो. म्हणजे वस्तीमागचा जो नाला मे महिन्यात पोरांचे क्रीडांगण बनतो, तोही कायद्याच्या लेखी प्रवाहच ठरतो. त्यात जाणूनबुजून दूषित द्रव्य सोडण्यास कलम २४ ने मनाई केली आहे. पावसाच्या पाण्याच्या प्रदूषणाविषयी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, ही तक्रार खरी आहे. पण जे आहे तेही थोडे नाही.

आदिलाबाद शहराचे स्थान लक्षात घ्यावे. उत्तरेस जिल्ह्याची आणि राज्याची सीमा आखणारी पैनगंगा. तिचे पाणी वर्धेत, वर्धेचे प्राणहितेत आणि प्राणहितेचे गोदावरीत जाते. आपल्या मोरीचा पत्ता, थोडक्यात, कालेश्वरमपर्यंत पोहोचतो. वर्षाकाठी सरासरी १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एकदा भिजून फुगली की त्या बुजतात आणि पाणी मुरणे जवळजवळ थांबते. त्यात सिमेंटचे रस्ते व अंगणातील फरशा यांची भर.

एक साधा हिशेब करून पाहावा. एक हेक्टर पक्क्या वस्तीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर अडीच लाख लिटर पाणी होते. त्यातले ८० टक्के वाहून गेले असे धरले, तरी दोन लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे चाळीस टँकर. हे पाणी रस्त्यावरून जाताना जनावरांचे शेण, वाहनांचे तेल, बाजारातील कुजका भाजीपाला, प्लॅस्टिकच्या पिशव्या असे सारे बरोबर घेते. मृगाचा पहिला मोठा पाऊस म्हणूनच सर्वांत गढूळ. आठ महिन्यांची साचलेली घाण तो एका दमात धुऊन नेतो. त्याचे आपण कौतुक करतो, परंतु ती घाण कोठे गेली हे पाहावयास कोणी जात नाही.

वैद्यकीय व्यावसायिकाला ती कोठे गेली हे पंधरवड्यात कळते. जुलै उजाडला की अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचे रुग्ण वाढू लागतात. यातील एक दुवा फारसा बोलला जात नाही. अनेक लहान शहरांत घरगुती नळाच्या जोडण्या उघड्या नालीतून किंवा तिला खेटून गेलेल्या असतात आणि पाणी दिवसातून थोडा वेळच सोडले जाते. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतील दाब उतरतो. सांधा गळका असेल, तर बाहेरचे नालीतील पाणी आत ओढले जाते. पुढील पाळीच्या पहिल्या बादलीत तेच येते. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालणाऱ्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तो वेगळाच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यानंतर त्या शहराने लेप्टोस्पायरोसिसची साथ अनुभवली.

आता नियमांच्या पालनाकडे वळू. अमेरिकेत १९९० मध्ये मोठ्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांन्वये लहान शहरांनाही पावसाळी गटारांसाठी परवाना घेणे बंधनकारक झाले. त्या परवान्याच्या सहा अटींपैकी एक मला विशेष उपयुक्त वाटते : गटारात चोरून सोडलेले सांडपाणी शोधून काढणे. त्याची रीत इतकी साधी आहे की तिला खर्च म्हणावा असा लागत नाही. सुमारे तीन दिवस पाऊस नसताना गटाराचे तोंड पाहावयाचे. पाणी वाहत असेल, तर ते पावसाचे नाही, आणि मग उगमाकडे चालत जावयाचे. आपल्याकडे तर कोरडे दिवस तीन नसून दीडशे असतात! मे महिन्यात वाहणारा प्रत्येक नाला हा पुरावाच आहे.

केंद्रीय गृहनिर्माण व नगरविकास मंत्रालयाने २०१९ मध्ये पर्जन्यजल निचऱ्याची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. नालीत वा जलाशयात कचरा टाकण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी मनाई केली. तेलंगणात २४ फेब्रुवारी २०२० पासून ‘पट्टण प्रगती’ मोहिमेत नाल्यांच्या सफाईवर भर दिला गेला. सफाई आवश्यकच आहे. परंतु नालीत रोज येणाऱ्या सांडपाण्याचा उगम तिने बंद होत नाही.

येथे नागरिकांस दोष देऊन भागणार नाही. सेप्टिक टाकीतील पाणी शोषखड्ड्यात मुरावे, असे पुस्तक सांगते. काळ्या मातीत ते पावसाळ्यात मुरत नाही; खड्डा भरतो, अंगणात दुर्गंधी सुटते आणि घरमालक एक नळी गुपचूप नालीत सोडतो. त्याला दंड केल्यास तो नळी काढील आणि पावसाळ्यात पुन्हा लावील. नाल्याच्या काठाने सांडपाणी वेगळे अडवून शुद्धीकरणास नेणारी वाहिनी टाकणे हाच खरा उपाय आहे, आणि ते काम नगरपालिकेचे व शासनाचे आहे. तोवर टाक्यांचा गाळ ठरावीक मुदतीने उपसणे आणि नळजोडण्या नालीतून बाहेर काढणे एवढे तरी होऊ शकते. यातले दुसरे काम मी पहिल्याच्या आधी करीन, कारण त्याचा लाभ त्याच पावसाळ्यात मिळतो.

आपल्या व्यवसायाची बाजू मात्र उधार ठेवता येत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार द्रव कचरा उगमापाशीच वेगळा करून, त्यावर प्रक्रिया करून, मगच इतर सांडपाण्यात मिसळावयाचा आहे. शेवटी शुद्धीकरण केंद्र नसलेल्या गटारास जोडलेल्या रुग्णालयांना ठरवून दिलेली मर्यादा अशी : बी.ओ.डी. लिटरमागे ३० मिलिग्रॅम, सी.ओ.डी. २५०, तरंगते घन पदार्थ १००. शिवाय एक कसोटी अशी की त्या पाण्यात कोणतीही भेसळ न करता मासे सोडले, तर ९६ तासांनंतर त्यांतील ९० टक्के जिवंत असले पाहिजेत. दहापेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांनाही सांडपाणी शुद्धीकरणाची सोय करण्यासाठी ३१ डिसेंबर २०१९ ही मुदत होती. ज्यांच्याकडे एकही खाट नाही, त्या दवाखान्यांना व प्रयोगशाळांनाही संसर्गजन्य द्रव निर्जंतुक केल्यावाचून सोडता येत नाही. रक्ताच्या नमुन्यांची नळी बेसिनमध्ये रिकामी करून वर तांब्याभर पाणी ओतणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, हे आपल्या सहायकांस एकदा समजावून सांगावे लागते.

आपल्याजवळ आणखी एक साधन आहे. जुलैतील अतिसाराच्या व काविळीच्या रुग्णांची गल्ली केसपेपरवर नोंदवून, नावे गाळून, दर आठवड्यास वॉर्डाच्या नकाशावर टिंबे मारली, तर गळकी वाहिनी कोठे असावी याचा अंदाज अभियंत्यास बांधता येतो. सरकारी रोगसर्वेक्षण व्यवस्था २००४ पासून आहे. तिला खासगी दवाखान्यांतून माहिती जितकी नियमित मिळेल, तितके हे चित्र पूर्ण होईल.

रोहिण्या लागण्यापूर्वी एखाद्या रविवारी सकाळी संस्थेच्या सभासदांनी नगरपालिकेच्या आरोग्य व अभियांत्रिकी विभागांतील कर्मचाऱ्यांसह एका नाल्याच्या काठाने चालावे. वाहणारी प्रत्येक नळी नोंदवावी. सुरुवात रुग्णालये व दवाखाने असलेल्या रस्त्यापासून व्हावी. २०१६ च्या नियमांखालील आपला वार्षिक अहवाल ३० जूनपर्यंत द्यावयाचा असतो, आणि द्रव कचऱ्याची मानके वर्षभरात किती वेळा पाळली गेली नाहीत, असा एक रकाना त्यात आहे.