दोन आलेख, एक माप

आमच्या वर्गातील एका मुलीने संगणकावर, एक्सेलमध्ये, दोन स्तंभालेख काढले. विषय होता महाराष्ट्रातील साक्षरता. एक आलेख पुरुषांचा, दुसरा स्त्रियांचा. २०११ चे दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखेच उंच दिसत होते. ती आनंदाने म्हणाली, "सर, स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीला आल्या!"

मी म्हणालो, "बेटा, डावीकडचे आकडे वाच."

पुरुषांच्या आलेखाचे माप ७० ते ९० होते, स्त्रियांच्या आलेखाचे ० ते ८०. संगणकाने दोन्ही मापे आपोआप ठरवली होती. जनगणनेचे आकडे (टक्के) असे आहेत :

१९९१ : पुरुष ७६.५६, स्त्रिया ५२.३२
२००१ : पुरुष ८५.९७, स्त्रिया ६७.०३
२०११ : पुरुष ८८.३८, स्त्रिया ७५.८७

मग तिने दोन्ही आलेखांचे माप ० ते १०० केले. २०११ ची राज्याची सरासरी ८२.३४ होती. ती दाखवण्यासाठी तिने रेघ हाताने ओढली नाही. कारण माप बदलले, तरी अशी रेघ जागची हलत नाही. तिने प्रत्येक वर्षासमोर ८२.३४ हा आकडा लिहिला आणि त्याचा रेषालेख स्तंभांवर घेतला. दोन्हीकडे रेघेचा रंग एक, नाव एक, अक्षरांचा आकारही एक.

आता पुरुषांचे दोन स्तंभ रेघेच्या वर गेले. स्त्रियांचा एकही पोहोचला नाही.

ती हळूच म्हणाली, "सर, अजून साडेबारा टक्क्यांचे अंतर होते."

आलेख खोटे बोलत नाही. पण माप वेगळे असेल, तर पाहणारा फसतो.

स्वाध्याय
१. दोन्ही स्तंभ सारखे उंच का दिसले?
२. मुलीने सरासरीची रेघ हाताने का ओढली नाही?