'कॅन' आणि 'एबल टू' एकत्र का नकोत?

प्रश्न : 'मी बोलू शकते' यासाठी मी 'आय कॅन एबल टू स्पीक' म्हणते. मैत्रीण चूक म्हणते. का?
– एक विद्यार्थिनी, तिरोडा, जि. गोंदिया

उत्तर : ताई, ही चूक अनेकांची होते, घाबरू नका. 'कॅन'मध्येच 'शकणे' आले आणि त्यापुढे मूळ क्रियापद लागते. 'एबल' तर विशेषण आहे. म्हणून 'आय कॅन स्पीक' किंवा 'आय अ‍ॅम एबल टू स्पीक', दोन्हींपैकी एकच घ्या.

'मी उद्या गोंदियाला येऊ शकेन' म्हणताना मात्र 'एबल टू' उपयोगी पडते: 'आय विल बी एबल टू कम'. 'विल कॅन' चालत नाही. 'मे', 'शुड' यांच्यापुढेही 'बी एबल टू'च येते. त्यातला 'बी' विसरू नका. रोज पाच वाक्ये मोठ्याने म्हणा, सवय होईल.