कृतज्ञता आणि समाधान : रुग्णांचा अभिप्राय कसा मोजावा

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, बाह्यरुग्ण, खाटा आणि देणग्या यांचे आकडे परंपरेने दिले जातात. अलीकडे त्यांच्या जोडीला आणखी एक आकडा येऊ लागला आहे, तो म्हणजे रुग्णसमाधानाची टक्केवारी. देणगीदार आणि विश्वस्त हा आकडा आस्थेने वाचतात. धर्मादाय रुग्णालयात मात्र तो अन्य आकड्यांपेक्षा अधिक सावधपणे वाचावा लागतो, असे या लेखात नम्रपणे मांडावयाचे आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. सर्व रुग्णांच्या एकूण देयकांपैकी २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या खाटांवरील रुग्णाला 'सेवा कशी वाटली?' असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते : 'तुमच्यामुळे जीव वाचला, आता तक्रार कसली करायची?' हे उद्गार मनापासूनचे असतात, परंतु ते आभार आहेत, अभिप्राय नव्हे. शिवाय पुढील तपासणीला किंवा डायलिसिसला याच खिडकीशी यावयाचे आहे, ही जाणीव त्याच्या मनात असते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचे पत्रक बहुधा कर्मचारीच वाचून दाखवितो आणि भरतो. ज्याच्याविषयी बोलावयाचे, त्याच्याच हाती लेखणी.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर तेरीज पत्रक जुळले म्हणून खाती बरोबर आहेत असे होत नाही; एक चूक दुसऱ्या चुकीने भरून निघाली तरी तेरीज जुळतेच. समजा, शंभर पत्रके आली. त्यांत वीस विनामूल्य रुग्णांची असून त्या सर्वांनी 'उत्तम' यावर खूण केली. उरलेल्या ऐंशीपैकी साठांनी तसे केले. एकूण समाधान ८० टक्के. हा आकडा छापावयास चांगला आहे. पण शुल्क देणाऱ्या दर चार रुग्णांमागे एक असमाधानी आहे, हे त्यात दिसत नाही आणि विनामूल्य रुग्णांना खरोखर काय वाटले, हे तर विचारलेच गेलेले नाही.

यावर उपाय दोन : काय विचारावे ते बदलणे आणि केव्हा विचारावे ते बदलणे. अमेरिकेत २००६ पासून 'एच-कॅप्स' नावाची राष्ट्रीय पाहणी होते आणि २००८ पासून रुग्णालयवार निष्कर्ष जनतेसाठी प्रसिद्ध केले जातात. तिच्यातील बहुतेक प्रश्न मताविषयी नसून घडलेल्या गोष्टींविषयी असतात. परिचारिकेने समजेल अशा भाषेत किती वेळा सांगितले? रात्री खोलीच्या आसपास शांतता किती वेळा होती? ही पाहणी रुग्ण घरी गेल्यावर ४८ तास ते सहा आठवडे या मुदतीत सुरू होते, खाटेवर असताना नव्हे. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ साली सुरू केलेल्या 'मेरा अस्पताल' उपक्रमातही भेटीनंतर दूरध्वनी व लघुसंदेशाद्वारे अभिप्राय मागविण्याची सोय करण्यात आली.

घडलेल्या गोष्टी विचारल्या की उपाय कोठे करावयाचा हेही कळते. रुग्णाला घरी सोडण्याची प्रक्रिया पाहा. सकाळच्या फेरीत डॉक्टर 'आज घरी जा' असे सांगतात. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड लिहिणे, उरलेली औषधे परत करणे, देयक तयार होणे, विमा असल्यास कंपनीची मंजुरी येणे अशा पायऱ्या असतात. निर्धन रुग्णाच्या बाबतीत शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तपासून सवलतीचा शेरा घेणे, ही आणखी एक पायरी वाढते. संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली, तर त्या कुटुंबाची रात्र व्हरांड्यात जाते. त्या माणसाला 'समाधानी आहात का?' विचारा, तो 'हो' म्हणेल. 'डॉक्टरांनी सांगितल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती वेळ लागला आणि तो कोठे गेला?' असे विचारा, म्हणजे तो तास न् तास मोजून सांगेल. कागदपत्रांची तपासणी दाखल होतानाच, किंवा तातडीचा रुग्ण असल्यास पुढील एक-दोन दिवसांत उरकली, तर ही प्रतीक्षा एका पैशाच्याही खर्चाविना कमी होऊ शकते.

विचारणारा कोण, हेही महत्त्वाचे. सवलतीची शिफारस करणाऱ्या समाजसेवा विभागाकडे हे काम देऊ नये, वॉर्डाकडे तर नाहीच. रुग्णसेवेशी थेट संबंध नसलेल्या व्यक्तीने घरी दूरध्वनी करावा आणि विनामूल्य, सवलतीच्या व शुल्क देणाऱ्या रुग्णांची उत्तरे स्वतंत्र मांडावीत. हे आकडे कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीशी जोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जोडले की खुणा रुग्णाऐवजी दुसराच कोणी करू लागतो.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. सलाईन लावले नाही म्हणून नाराज होणारे रुग्ण आपल्या परिचयाचे आहेत. गरज नसताना ते न लावणारा डॉक्टर योग्यच वागलेला असतो. अमेरिकेत सुमारे ५२ हजार प्रौढांच्या माहितीवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अधिक समाधानी गटात औषधांवरील खर्च आणि मृत्यूचे प्रमाण दोन्ही अधिक आढळले. समाधानामुळेच मृत्यू वाढले असे त्यातून सिद्ध होत नाही, परंतु रुग्णाची खुशी आणि उपचारांची गुणवत्ता हे एकच खाते नव्हे, एवढे त्यातून दिसते. म्हणून जंतुसंसर्ग, पुन्हा दाखल होणे इत्यादी वैद्यकीय नोंदी या आकड्यांच्या शेजारीच ठेवाव्या लागतात.

पुढील वर्षापासून आपल्या अहवालात रुग्णसमाधानाचा एकच आकडा न देता वर्गवार आकडे आणि घरी सोडण्यास लागलेला वेळ द्यावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहे. नवे आकडे यंदाच्या आकड्यापेक्षा कमी दिसण्याचा संभव आहे. मोजण्याची रीत बदललेली असल्याने या दोहोंची परस्परांशी तुलना करू नये, ही देणगीदारांना विनंती.