मशिदीच्या वाटेवरील टपरी

आपल्या घरापासून मशिदीपर्यंत आणि मुलांच्या शाळेपर्यंत जाणारी वाट एकदा डोळ्यांसमोर आणा. त्या वाटेवर विडी, सिगारेट, तंबाखू आणि मावा विकणाऱ्या किती टपऱ्या आहेत, हे आपण कधी मोजले आहे काय? बहुधा नाही. रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. परंतु आपल्या मुलांना ती दिसत असते. चॉकलेटच्या बरणीशेजारी लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा आणि दोरीला बांधलेला लायटर हे सारे त्यांच्या नजरेस दिवसातून चार वेळा पडते. जे रोज पडते ते साधे वाटू लागते, आणि जे साधे वाटते त्याची भीती उरत नाही.

कुंपणाच्या कडेला चरणारी जनावरे

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली एक प्रसिद्ध हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हलाल स्पष्ट आहे, हरामही स्पष्ट आहे आणि या दोहोंच्या दरम्यान काही संशयास्पद गोष्टी आहेत, असे सांगून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी गुराख्याचे उदाहरण दिले. राखीव कुरणाच्या अगदी कडेने जो आपली जनावरे चारतो, त्याची जनावरे आत शिरण्याचा धोका नेहमीच असतो. माणूस केवळ इच्छाशक्तीच्या बळावर वाचत नाही; तो कोठे उभा आहे, यावरही बरेच अवलंबून असते, हा या शिकवणुकीचा आशय आहे.

अनेक देशांतील अभ्यासांतही हाच अनुभव दिसून येतो. घर व शाळेच्या परिसरात तंबाखूची दुकाने जितकी दाट, तितके तरुणांमध्ये धूम्रपान अधिक, असे त्यांपैकी बहुतेकांत आढळले आहे. काही ठिकाणी व्हेपच्या बाबतीतही तसेच दिसले. फिनलंडमधील एका मोठ्या अभ्यासात घरापासून दुकानाचे अंतर वाढले, तेव्हा धूम्रपान सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसले. अर्थात, जेथे गिऱ्हाईक असते तेथेच दुकान थाटले जाते, हेही खरे. म्हणून सारा दोष टपरीवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. टपरी सवय वाढविते आणि सवय टपरी जगविते.

सुटी सिगारेट आणि सुगंधी व्हेप

मुलगा पहिल्या दिवशी पाकीट विकत घेत नाही, तो एकच सिगारेट घेतो. पाकिटाच्या दोन्ही बाजूंस ८५ टक्के जागेवर रोगाचे चित्र व इशारा छापणे बंधनकारक आहे. परंतु सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती ते चित्र येतच नाही. खिशातील किरकोळ पैशांत काम भागते आणि घरी पाकीट सापडण्याचीही भीती नसते. म्हणूनच महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास मनाई केली आहे. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार मुलाच्या हाती तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

व्हेप अर्थात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर तर २०१९ पासून देशभर बंदी आहे. तरीही ती चोरट्या मार्गाने येते. दिसायला पेनासारखी, वासाला आंब्याची किंवा पुदिन्याची! आई-वडिलांना धुराचा वास येत नाही, म्हणून संशयही येत नाही. परंतु आत बहुधा निकोटिनच असते आणि कोवळ्या वयातील मेंदूला त्याची ओढ फार लवकर लागते.

कायदा आहे, पण कायदा प्रत्येक गल्लीत उभा राहू शकत नाही. गल्लीत आपण उभे असतो.

शरिअत काय सांगते?

तंबाखूचा उल्लेख कुरआनात नाही, असे काही बंधू म्हणतात. खरे आहे, ही वनस्पती मुस्लिम देशांत इसवी सनाच्या सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोहोचली. प्रारंभी विद्वानांत मतभेद झाले. कोणी तिला मुबाह म्हटले, कोणी मकरूह, तर कोणी हराम. त्या काळी तिचे दुष्परिणाम आजच्याइतके ठाऊक नव्हते. आज जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक लोक तंबाखूमुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांत इतरांच्या धुराने मरणारे निरपराधही असतात. हे कळल्यानंतर वर्तमानकाळातील पुष्कळ विद्वानांनी तिला हराम ठरविले आहे.

कुरआनने आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे (सूरह अल-बकरा, १९५) आणि उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू म्हटले आहे (सूरह बनी इस्राईल, २७). स्वतःला वा इतरांना हानी पोहोचवू नये, हे प्रेषितवचन तर शरिअतचे मूलभूत तत्त्वच ठरले. कच्चा कांदा वा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. मग विडी विझवून थेट सफमध्ये उभे राहणाऱ्याने विचार करावयास नको काय?

दुकानदार बंधूंशी दोन शब्द

टपरी चालविणारा आपलाच भाऊ असतो. त्याच्या घरीही चूल पेटायची असते. त्याचा तिरस्कार करू नका. मात्र पाप व अत्याचाराच्या कामी परस्परांस साहाय्य करू नका, हा आदेश (सूरह अल-माइदा, २) त्याच्यासाठीही आहे. कयामतच्या दिवशी संपत्ती कोठून मिळविली व कोठे खर्च केली, हे दोन्ही प्रश्न विचारले जातील. एकदम सारे सोडणे जमत नसेल तर प्रारंभ आजच करावा: लहान मुलाला काहीही विकू नये, सुटी सिगारेट देऊ नये, व्हेपला हात लावू नये. पुढे चहा, फळे, वह्या-पेने असा माल वाढवावा. येथे मोहल्ल्याचीही जबाबदारी आहे. मशीद कमिटीने भांडवलासाठी कर्ज-ए-हसना द्यावे आणि लोकांनी आवर्जून त्याच्याकडूनच खरेदी करावी. नुसता उपदेश करून भावाचे पोट भरत नाही.

प्रारंभ घरापासून

आता थोडे स्वतःकडे पाहू. मुलाला टपरीची वाट प्रथम कोण दाखवितो? पुष्कळदा आपणच. “बेटा, जरा पुडी घेऊन ये,” असे म्हणून अब्बू ज्या मुलाच्या हाती नोट ठेवतात, तो मुलगा टपरीवाल्याच्या ओळखीचा होतो. पुढे तोच मुलगा स्वतःसाठी जातो, तेव्हा त्याला कोणी हटकत नाही. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. म्हणून आजपासून एक निश्चय करा: घरातील मूल तंबाखू आणावयास जाणार नाही.

ज्यांना सवय सोडावयाची आहे, त्यांनी रमजान आठवावा. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तेरा-चौदा तास जो विडीवाचून राहतो, त्याला ती सोडणे अशक्य नाही. जी वाट टपरीवरून जाते, ती काही दिवस बदला. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ पाणी प्या, वुजू करा, अल्लाहचे स्मरण करा. गरज वाटल्यास डॉक्टरांची मदत घ्या. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. उपचार घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

अल्लाह आपल्या मुलांचे श्वास, आपली कमाई आणि आपले मोहल्ले पाक राखो. आमीन.